काट्यावरचा टाळ

बजरंग सर ते बोलून विसरलेसुद्धा असतील. दीना भिंगारदिवे विसरली नव्हती. भिजत घातलेल्या मटकीला बाई रोज थोडं पाणी शिंपडते ना, तसं तिनं ते बोलणं वर्षभर ओलं ठेवलं होतं, मोड येईस्तोवर.

गोष्ट मागच्या गळिताची. शेवगावच्या पुढं त्यांचा साखर कारखाना. तिथं ऊस आला की आधी काट्यावर वजन, वजनाची पावती, मग गाडी आत. त्या हंगामात काट्यावरचा कॉम्प्युटर असा काही रेंगाळायला लागला, की एका गाडीची पावती निघेपर्यंत मागच्या गाडीवाल्याचा चहा पिऊन व्हायचा. रांग डांबरी रस्त्यापर्यंत गेली. जुवाखाली उभ्या बैलांच्या तोंडाला फेस आला. तोडणीवाल्या बायका उसाच्या मोळ्यांवर बसून कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. शेवटी चेअरमन स्वतः केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "बजरंगराव, काय लावलंय हे?"

बजरंग सर कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. काट्याचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेला, कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाचा, जुन्या व्हीबी भाषेतला. त्याला जोडून दीनानं नवा भाग लिहिला होता, डॉटनेट या नव्या पद्धतीत. सभासद कोण, ऊस कुठल्या गटातला, उसाची जात कुठली, टोळी कुणाची, ही सगळी माहिती त्या नव्या भागात. जुन्या प्रोग्रॅमनं विचारायचं, नव्यानं सांगायचं. सर त्याला 'डबा' म्हणत.

"साहेब, माझा प्रोग्रॅम इतकी वर्षं चालतोय," सर म्हणाले. "हा नवीन डबा बसवला, तेव्हापासून ही रड सुरू झाली." मग दीनाकडं न बघताच त्यांनी पुढचं जोडलं. "बाईंचं लक्ष कुठं कामात? रविवार आला की चर्चमध्ये टाळकुटेपणा. टाळ कुटून का कुठं कोड पळतो?"

केबिनमधली माणसं हसली. चेअरमनही हसले. काटा क्लार्क पंकजा तेवढी हसली नाही, पण तिनंही मान खाली घातली. दीना म्हणाली, "साहेब, कोड हळू नाही, कॉल फार होतायत. सरांचा प्रोग्रॅम दर वेळी…" चेअरमनांनी घड्याळात बघितलं. दुसऱ्या दिवशी दीनाची बदली गेट पासच्या खिडकीवर झाली.

खिडकीवर एक दाबायची पितळी घंटी होती. येणारा ती दाबायचा, दीना पास फाडून द्यायची. नगरला राहून एमसीए केलेली पोर पास फाडतेय, हे बघायला म्हणूनसुद्धा काही लोक घंटी दाबून जात.

खिडकीचं दुःख तिनं गिळलं असतं. टाळाचं गिळवेना. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. पेटी, पखवाज, टाळ, मधोमध उभे बुवा. ओळ गायची, तिचा अर्थ फोडून सांगायचा, पुन्हा ओळीवर यायचं. दीनाचे वडील सत्यवान मिसरूड फुटायच्या आधीपासून टाळकरी. लहानपणी दीना त्या टाळावर झोपायची आणि टाळ थांबला की जागी व्हायची. कुणी तिच्या कोडला शेण म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. यानं पपांच्या टाळाचं नाव घेतलं होतं.

आणि दोष तर तिच्या कोडचा नव्हताच. दोन प्रोग्रॅम म्हणजे दोन वेगळी घरं. एका घरच्या मापातलं दुसऱ्या घरी जसंच्या तसं चालत नाही. मधला उंबरा ओलांडताना अक्षर न्‌ अक्षर या मापातून त्या मापात ओतावं लागतं, परत येताना पुन्हा उलट. एका फेरीचा वेळ कुणाच्या लक्षातही यायचा नाही. पण सरांचा प्रोग्रॅम एका गाडीसाठी फेऱ्या घालायचा त्या मोजायच्या पलीकडच्या. पहिल्या सभासदापासून सुरू करायचं: हा आहे का? नाही. परत. हा आहे का? नाही. परत. माणूस सापडला की नावासाठी एक फेरी, गावासाठी एक, गटासाठी एक, उसाच्या जातीसाठी आणखी एक.

दीनानं मोठं दारही ठेवलं होतं. सभासदाचा कोड नंबर द्या, सगळं एकदम घेऊन जा, एका फेरीत. सरांनीच ते वापरलं नाही. "मला जुन्यासारखंच पाहिजे," ते तेव्हा म्हणाले होते. "एकेक खाना वेगळा विचारता आला पाहिजे. माझ्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायची नाही." म्हणून तिला ती बारकी बारकी दारं करून द्यावी लागली होती.

सकाळची पहिली हाक मात्र खरोखर हळू जायची, ते ती नाकारत नव्हती. नवं घर जागं व्हायला वेळ घेतं, कीर्तनाआधी पखवाजाला कणीक लावायला लागतो तसा. पण कणीक एकदाच लावायची असते. पहिली गाडी यायच्या आधीच एक लटकी हाक मारून ठेवायची सोयही तिनं करून ठेवली होती. हे सगळं ती कुणाला सांगणार? ऐकणाऱ्याचे डोळे 'कॉल' या शब्दालाच तारवटायचे.

मग एका रविवारी कीर्तनाला नवा टाळकरी आला. हौस दांडगी, पण दर शब्दाला टाळ. बुवांनी तोंड उघडलं की टण, श्वास घेतला की टण. शेवटी सत्यवाननं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"आरं, बुवाला वळ तर पुरी करू दे," तो हळूच म्हणाला. "असा शब्दाशब्दाला हाणलास तर आख्यान कवा सपायचं? मानसं घरी जात्याल."

माणसं हसली. दीना हसली नाही. ती बसल्या जागी ताठ झाली. जे तिला वर्षभर कुणाला समजावता आलं नव्हतं, ते इथं शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही कळलं होतं, कारण ते त्यानं कानानं ऐकलं होतं.

दसरा झाला आणि बजरंग सर आपण होऊन खिडकीवर आले. त्यांनी घंटीसुद्धा दाबली.

"दीना, यंदा उसाच्या दोन नवीन जाती आल्यात. तुझ्या त्या डब्यात टाकून दे."

"देते की, सर."

"आणि हे बघ, माझ्या प्रोग्रॅमला हात लावायचा नाही."

"नाही लावणार, सर," दीना म्हणाली. "शब्द देते."

त्या रविवारी चर्चला निघायच्या आधी तिनं मोबाईल वडलांच्या पुढं धरला. "पपा, एकदा टाळ वाजवा. एकच टोला."

"कशाला गं?"

"कारखान्यात लागतोय. हंगामाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम आहे."

"बरं हाय की," सत्यवान खूश होऊन म्हणाला. टाळ धोतराच्या सोग्यानं पुसला, दोन्ही वाट्या नीट जुळवल्या आणि टोला दिला. तो नाद खोलीभर फिरून हळूहळू विरला. दीना खोटं बोलली नव्हती. खरंही बोलली नव्हती.

नव्या जाती टाकायला केबिनमध्ये बसली तेव्हा तिनं डब्याच्या प्रत्येक दाराशी एकेक ओळ घातली. बाहेरून कुणी दार वाजवलं की टाळाचा एक टोला. एक गोष्ट तिनं फार जपली: आवाजासाठी काम थांबता कामा नये. टोले मागनं आपले वाजत राहतील, पावती त्यांच्यासाठी अडणार नाही. सरांचा हळूपणा सरांच्याच पदरात पडला पाहिजे, त्यात आपला कणभर नको. वजनाला तर तिनं बोटही लावलं नाही. सूड घ्यायचा तर चोख घ्यायचा, असं तिचं होतं.

शेजारच्या दुसऱ्या काट्याच्या कॉम्प्युटरवर तिनं स्वतःचा एक छोटा स्क्रीन करून ठेवला. तो त्याच डब्याला विचारायचा, पण मोठ्या दारातून.

"पंकजा, मोळीच्या दिवशी दुसऱ्या काट्यावर तू बस."

"काय करणारेस गं?"

"वाजवणारे."

"बाई, नोकरी जाईल तुझी."

"कुठली, घंटीची?" दीना म्हणाली. पंकजानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि दुसऱ्या काट्याची खुर्ची पुसायला घेतली.

मोळी टाकायच्या दिवशी मंडप पडला होता. ऊस टाकायच्या गव्हाणीला झेंडूच्या माळा, संचालक मंडळ फेट्यात, आशीर्वादाला एक कीर्तनकार महाराज आणलेले. पहिल्या गाडीचा मान सभासद आसारामचा. बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, आसाराम स्वतः इस्त्रीच्या टोपीत. काट्यापाशी नारळ फुटला. गाड्यांचे नंबर पुकारायचा भोंगा कॉम्प्युटरलाच जोडलेला होता; त्यावर सनई लावली होती, ती बंद केली. फोटोवाले आले म्हणून बजरंग सर स्वतः खुर्चीवर बसले. आसारामचा कोड टाकला आणि ऐटीत बटण दाबलं.

टण.

लोकांना बरं वाटलं. देवाच्या कामाला टाळ वाजला, शुभच झालं. मग टण टण. मग टणटणटणटण असा जो टाळांचा पाऊस सुरू झाला, तो थांबेचना. यार्डातल्या सगळ्या भोंग्यांतून एकच नाद, एकावर एक चढलेला. सरांनी इकडंतिकडं बघितलं, पुन्हा बटण दाबलं. आता दुप्पट.

महाराजांनी मान तिरकी केली. "हा कोण टाळकरी?" त्यांनी विचारलं. "ना ताल, ना सम. नुसता हाणतोय."

मंडपात खसखस पिकली. बैलांनी कान टवकारले. आसाराम कासरा आवळून म्हणाला, "सायेब, बैलं बुजत्याल. आवरा तुमचं भजन."

"हे काय चाललंय?" चेअरमनांनी विचारलं.

दीना काट्याच्या कठड्यापाशी येऊन उभी होती. वर्षभर तिनं हे वाक्य तोंडात घोळवलं होतं, म्हणून आता आवाज अजिबात चढला नाही. "साहेब, सरांचा प्रोग्रॅम माझ्या डब्याचं दार वाजवतोय. जेवढ्या वेळा वाजवतो, तेवढे टोले."

"एका गाडीला?"

"एका गाडीला. पहिल्या सभासदापासून एकेकाला विचारत येतोय, तो आसाराम का म्हणून."

"हितंच तर हाय मी," आसाराम म्हणाला.

आता लोक मोकळे हसायला लागले. सर उठले. त्यांचा चेहरा विटकरीसारखा झाला होता. "साहेब, ही खोडी आहे. हिनं आवाज घातला म्हणून हळू झालंय. मुद्दाम केलंय."

हेच तिला हवं होतं. "मुद्दामच केलंय, सर," ती म्हणाली. "पंकजाच्या काट्यावरही तोच डबा आहे आणि तोच आवाज. मागची गाडी तिकडं घ्या."

मागच्या गाडीवर राहीबाई होती, तोडणीवाली, नवरा बैल हाकत होता. गाडी दुसऱ्या काट्यावर चढली. पंकजानं कोड टाकला आणि तिच्या टेबलावरच्या स्पीकरमधून आवाज आला.

टण.

एवढंच. तो नाद विरायच्या आत पावती बाहेर आली. पंकजानं ती फाडून राहीबाईच्या हातात दिली. राहीबाईनं ती उलटसुलट बघितली. "झालं?" तिनं विचारलं. "मागल्या साली हितं माझं प्वार दोनदा झोपून उठलं हुतं."

पहिल्या काट्यावर टाळ अजून वाजतच होते, आसारामची पावती आलीच नव्हती.

"हां," महाराज राहीबाईच्या गाडीकडं बोट दाखवत म्हणाले, "हा समेवर आला." मग सरांकडं वळून अगदी प्रेमानं म्हणाले, "बजरंगराव, आमच्याकडं या आठवडाभर. टाळ कुठं मारायचा आणि कुठं धरायचा, शिकवतो." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

रांगेतनं कुणीतरी ओरडलं, "टाळकुटे सायेब." कोण ओरडलं ते कळलं नाही. पण नाव चिकटलं. संध्याकाळपर्यंत ते गाडीवानांच्या तोंडी होतं, बाजाराच्या दिवशी शेवगावात पोचलं.

चेअरमनांनी दीनाला केबिनमध्ये बोलावलं. "उद्यापासून इथं बस. काटा ताब्यात घे. बजरंगरावांचा प्रोग्रॅम तूच दुरुस्त कर."

"इथं बसते, साहेब. पण प्रोग्रॅम सरांचा आहे," दीना म्हणाली. "हात लावणार नाही असा मी त्यांना शब्द दिलाय. त्यांनाच करू द्या. मी शेजारी बसून सांगते."

सरांनी तिच्याकडं बघितलं. तिनं नजर काढली नाही.

मग सर बसले. पंकजाच्या काट्यावरून गाड्या सुटत होत्या, आणि पहिल्या काट्यावर सर आपलाच प्रोग्रॅम उसवत होते. दीना मागं खुर्ची टाकून. त्यांनी शोधायची फेरी आधी काढून टाकली. चाचणी घेतली, टोले चार-पाचांवर आले. बाहेर गाडीवान कान देऊन असायचे. "आज कमी वाजतंय," एखादा म्हणायचा. "साधना चाललीय."

"दीना," सर एकदा मागं न बघता म्हणाले, "तो आवाज तरी काढ."

"फेऱ्या कमी करा, सर. आपोआप कमी वाजेल."

नाव, गाव, गट, जात, सगळं त्यांनी शेवटी मोठ्या दारातून एकदम मागून घेतलं. बटण दाबलं. टण. पावती आली. काम चांगलं झालं होतं, हे दीनाला मान्य करावं लागलं. आडमुठेपणा सोडला तर माणूस हुशार होता, आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

"झालं ना? आता काढ," सर म्हणाले.

"एक राहू दे," दीना म्हणाली. "गाडी आली की कळायला बरं."

चेअरमनांनाही ते आवडलं. तेव्हापासून दर गाडीला एक टोला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, टायरगाडी असो की ट्रॅक्टर. आणि दर टोल्याला बजरंग सरांचा उजवा खांदा बारीकसा उडायचा, माशी बसल्यासारखा. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. दीना त्या खांद्याकडं बघूनच पोळी खायची, आणि तिला पोळी गोड लागायची.

सत्यवाननं ते बाजारात ऐकलं. घरी येऊन त्यानं भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली.

"माझा टाळ वाजतोय म्हनं तिकडं."

"व्हय, पपा."

"मानसाला हानायला."

"ते तुमच्या टाळाला हसले होते. सगळ्यांच्या देखत."

"मी न्हवतो तितं. मला कुनी हसलं न्हाई," सत्यवान म्हणाला. "तू सांगतीस म्हनून मला कळलं. आनि टाळ मागताना तू मला सांगितलं न्हाईस, कशाला पायजे ते."

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं भाजी निवडायला घेतली.

रविवारी कीर्तनाला बुवा उभे राहिले तेव्हा सत्यवाननं टाळाची जोडी दीनाच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः मागच्या बाकावर मोकळ्या हातानं जाऊन बसला. दीनानं दोरी बोटांत गुंडाळली. बुवांनी ओळ धरली, फिरवली, श्वास घेतला. ध्रुपद आलं आणि तिनं टोला दिला, बरोबर समेवर. लहानपणापासून ऐकलेलं कानात होतं, चुकणार कसं? पण त्या टोल्याबरोबर डोळ्यांपुढं आला तो सरांचा उडणारा खांदा. पुढच्या टोल्यालाही तोच. बुवा क्षमेवर बोलत होते, फार सुंदर बोलत होते, बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आणि दीनाच्या हातातला टाळ प्रभूच्या नावाला वाजत नव्हता. बजरंग सरांना वाजत होता. तिनं मागं वळून बघितलं. सत्यवान समोर बघत होता, तिच्याकडं नाही.

तिनं टाळ काढून शेजारच्याला दिला.

सोमवारी ती कारखान्यात लवकर गेली. केबिनच्या आधी गेट पासच्या खिडकीपाशी थांबली. तिथं आता मोनिका म्हणून नवी मुलगी बसायची. "जरा बाजूला हो," दीना म्हणाली, मोबाईल धरला आणि पितळी घंटी एकदा दाबली. ठिंग.

केबिनमध्ये येऊन तिनं पपांच्या टाळाचा आवाज काढला. पुसून टाकला, मोबाईलमधूनही. प्रभूचं होतं ते त्याला परत केलं आणि त्याची माफीही मागितली, मनापासून. मग त्या जागी घंटी बसवली.

थोड्या वेळानं सर आले. खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच आसारामची गाडी काट्यावर चढली.

ठिंग.

सरांनी वर बघितलं. कारखान्यात ती घंटी कुठली, हे कुणाला सांगायला लागत नव्हतं.

"आता ही काय?" त्यांनी विचारलं.

"गेट पासची आहे, सर," दीना म्हणाली. "वर्षभर मी ऐकली. हंगाम संपेपर्यंत तुम्ही ऐका."

पंकजानं पुढचा नंबर पुकारला.